बारवेतला मिशीवाला

सोलापूरला जाते आहे म्हटल्यावर आमच्या राजापुरात प्रत्येकाने मला चादर आणायला सांगितली. तिथे जाऊन करणार काय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई एवढ्या लांब जाते ती एका विहिरीचा गाळ काढायला, हे सांगायची माझीच मला लाज वाटत होती.

सगळा दोष रत्नाचा. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती सोलापूरची, घरात कानडी, दारात मराठी. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिला घरात करमेना, म्हणून ती मामाच्या गावाच्या मागे लागली. मग एके दिवशी मला फोन. "गावची बारव उपसतायत. गावानंच काम काढलंय. देवळीतल्या दगडावर, खालच्या बाजूला, अक्षरं आहेत म्हणतात. फोटोत नीट येणार नाहीत. तू ये आणि काढून दे." मी म्हटलं, गुडघे दुखतात. ती म्हणाली, अक्षरं हातानं काढतात.

बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी दगडी विहीर. कोकणात आम्ही विहिरीत वरून डोकावतो, आत चालत जात नाही. त्यामुळे मलाही थोडं बघायचं होतंच.

सोलापूर, गुरुवार

स्टँडवर उतरले तर रिक्षावाल्याने विचारलं, "किधर कू जाना मावशी?" रत्नाच्या शेजारणीने कुंपणावरून तेलुगूत चौकशी केली, रत्नाने तिला मराठीत उत्तर दिलं आणि आतल्या कामवालीला कानडीत चहा टाकायला सांगितलं. कुणालाही यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे पलीकडच्या वाडीतला माणूस हेल काढून बोलला तरी आम्ही आठवडाभर त्याची नक्कल करतो.

रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी होती. कडक म्हणजे खरोखर कडक, पापडासारखी मोडायची. वर शेंगाची चटणी आणि दही. मी भाताची चौकशी केली तेव्हा रत्नाने असं पाहिलं, की मी गप्प बसून दुसरी भाकरी मोडली. तिसरी मोडली तेव्हा कोणी आग्रह केलेला नव्हता.

गाव, शुक्रवार

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जुने दगड रातोरात उचलून नेणारे लोक वाचन करत असतील असं वाटत नाही, पण उगाच धोका कशाला? दुधनीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे एवढं पुरे. दुधनीच्या बाजारात तुरीच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही जीपमध्ये बसलो आणि दोन्ही बाजूंना निसवून कणसांवर आलेली ज्वारी बघत गेलो. आमच्याकडे नजर शंभर पावलांवर कुठल्या तरी डोंगराला अडते. इथे ती जाते ती जातेच. पहिला तासभर मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

रत्नाची मामी, गंगव्वा, दारातच उभी होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नऊवारीचा काष्टा आणि आवाज शेतापर्यंत जाणारा. "बर्री, बर्री," म्हणाली, आणि मग माझ्यासाठी मराठीत, "या की हो. किती वाळलाव." मला वाळलेली म्हणणारं माणूस वीस वर्षांत भेटलं नव्हतं. मामीवर माझा जीव त्या क्षणी जडला.

दुपारी बारवेवर गेलो. पुरातत्त्व खात्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं : खणायचं नाही, फक्त साठलेला गाळ आणि कचरा काढायचा, आणि निघेल ते मांडून ठेवायचं. पायऱ्यांवर माणसांची रांग होती. खालून घमेलं भरून यायचं, हातोहात वर जायचं. वर बायका धान्याच्या चाळणीतून गाळ चाळत होत्या आणि निघालेली वस्तू एका जुन्या चादरीवर ठेवत होत्या. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, मातीचा एक बैल, घासून गुळगुळीत झालेलं तांब्याचं नाणं, आणि असंख्य चपला. चपलांचे मालक बहुतेक हयात होते, त्यामुळे काम वारंवार थांबायचं. मामीचा पितळी तांब्याही निघाला. तो लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून आत पडला होता आणि माकडानं नेला असं तिने सासूला सांगितलं होतं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मामीने तांब्या पदराखाली झाकूनच घरी नेला.

या सगळ्यात दोन माणसं माझ्या लक्षात राहिली. एक प्रकाश, गावातल्या बौद्ध वस्तीतला, वय पन्नाशीचं, जाड भरघोस मिशा. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे. दर सुट्टीला मोटारसायकलवरून येऊन तो सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहायचा, जिथे काम सगळ्यात घाण. आता दोन दिवसांची रजाच टाकून आला होता. आणि दुसरी त्याची आई, सरूबाई. ती वर काठावरच्या कडुलिंबाखाली बसून असायची. तिथून तिला सगळं दिसायचं, पण ती एकही पायरी उतरत नव्हती.

देवळी म्हणजे बारवेच्या भिंतीतला मोठा कोनाडा. त्यात एक दगड कमरेपर्यंत गाळात रुतून उभा होता. वरच्या भागात शंकराची पिंड आणि हात जोडलेला माणूस कोरलेला. गावाने त्याला वीरप्पा म्हणून पूजलं होतं. प्रकाशच्या घरात मात्र वेगळीच गोष्ट होती. त्याच्या आजीने त्याला सांगितलेली, तिला तिच्या आजीने : तो देव नाही, आपला माणूस आहे. गावाची गुरं राखताना मेला.

"आमी पूजाबिजा करत न्हाय, बाई," प्रकाश मला म्हणाला. "पन माणूस हाय तर माणूस म्हणून कळू द्या की. त्याला नाव आसंल."

मी सरूबाईंजवळ जाऊन बसले. सहज म्हणून विचारलं, "आजी, तुम्ही खाली येत नाही?"

"तवा उतरू देत न्हवते," त्या म्हणाल्या. "हितं वर, ह्या काठाच्या दगडापाशी घागर ठिऊन बसायचं. कुणी दया येऊन वरनं पाणी वतलं तर वतलं. दोन-दोन तास बसलीया. आता म्हणत्यात उतरा. मी न्हाय उतरत." मग खाली देवळीकडे बोट करून म्हणाल्या, "तो आमचा हाय का न्हाय ते वाचा आदी. त्येचं नाव निघू द्या, मग येते."

मामी तिथेच चाळण घेऊन उभी होती. तिची चाळण बराच वेळ हलली नाही.

शनिवार

सकाळी दगडाचा खालचा भाग मोकळा झाला. प्रकाश चिखलात गुडघ्यावर बसून हातानेच गाळ काढत होता, खुरपंसुद्धा लावू देईना. पिंडीच्या खाली दोन अप्सरा माणसाला हाताला धरून वर नेताना निघाल्या, आणि त्याच्याही खाली तोच माणूस, हातात ढाल, समोर दोन धनुर्धारी, मागे गाई. गाई चार होत्या आणि चौथीचं वासरू तिच्या पोटाखाली होतं. रांगेतली सगळी माणसं खाली आली. घमेली जागच्या जागी राहिली. "गुरं हायत की रं," कुणीतरी म्हणालं. प्रकाशने फक्त वर लिंबाकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली. सरूबाईंनी मान हलवली.

गाईंच्या खाली अक्षरांच्या चार ओळी होत्या, जुन्या कानडी वळणाच्या. रत्नालाही एक अक्षर लागेना. ते वाचू शकणारे गृहस्थ रविवारी येणार होते. सोलापुरातले निवृत्त प्राध्यापक, गावात सगळे त्यांना 'लेखवाले सर' म्हणत. सोमवारी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे बेळगावला निघणार होते. म्हणजे हाती होता तो एकच दिवस.

मला मात्र दम धरवेना. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो, हा खेळ मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवला आहे. पातळ कागद होते, काळे खडू होते. मी पहिल्या तीन ओळी अशा सुरेख उठवल्या, की स्वतःवरच खूश झाले. चौथी ओळ अजून ओली होती. कागद फाटला असता. तासभर थांबले असते तर ऊन लागून वाळली असती.

पण तेवढ्यात वरून हाक आली : हुरडा तयार आहे.

ज्यांनी हुरडा खाल्लेला नाही त्यांना मी काय सांगू? ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम हिरवे दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आम्ही कोकणातले लोक काजू-आंब्यांवरून फार मिरवतो. त्या दुपारी मी मनातल्या मनात सगळं परत घेतलं. मामी चोळत होती, मी खात होते. चौथी ओळ उद्या करू, असं म्हणून मी तिथेच गोणपाटाच्या चवाळ्यावर आडवी झाले. उठले तेव्हा बारवेत सावली उतरली होती.

रविवार

सकाळी बारवेवर पोचलो तर मामी आणि सिद्धराम पेंटर देवळीसमोर कौतुकाने उभे. सिद्धराम गावातल्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. दोघांनी उजाडल्या उजाडल्या दगड रंगवून काढला होता. पार्श्वभूमी लालभडक, गाई पांढऱ्या, ढाल चंदेरी. अक्षरं लोकांना नीट दिसावीत म्हणून त्यांच्यात पिवळा रंग भरलेला. ऑइल पेंट, चकाकणारा, ओला. आणि ढालवाल्या वीराला काळीभोर, टोकं वळवलेली मिशी.

"पावणं येणार," मामी म्हणाली. "देव असा चिखलानं माखलेला बरा दिसतो व्हय?"

रत्ना कानडीत इतकं भरभर बोलली, की मला एक शब्द कळला नाही आणि अर्थ सगळा कळला. सिद्धरामच्या हातातला ब्रश हळूहळू मागे गेला. मामीचा चेहरा उतरला. या गावात नवं घर असो, बैल असो की देव, आनंद झाला की त्याला रंग लागतो. तिने जिवाभावाने जे करायचं तेच केलं होतं. आणि खरं बोलायचं तर तिच्यापेक्षा माझाच राग मला जास्त आला होता. तिला अक्षरांचं काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी हुरडा खात बसले होते.

दहा वाजता लेखवाले सर आले. बारीक चणीचे, जाड भिंगांचा चष्मा, काठी. त्यांनी दगड पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. ओरडले नाहीत. "यावर ओला कागद चिकटणार नाही. ठसा विसरा," एवढंच म्हणाले. प्रकाश रॉकेल आणायला निघाला होता, त्याला त्यांनी थांबवलं. रॉकेलने रंग दगडात आणखी खोल जाईल. तो कधीतरी जाणकार माणूस सावकाश उतरवील.

मी माझे कागद पुढे केले. पायरीवर बसून, कागद नाकाला लावून सरांनी तीन ओळी वाचल्या. अर्धा तास लागला. मग सावकाश सांगितलं, "चोर गाई घेऊन चालले होते. हा आडवा गेला. गाई सोडवल्या, आणि पडला." त्यांनी कागद उलटून पाहिला. "नाव पुढच्या ओळीत असणार. चौथा कागद कुठाय?"

मी सांगितलं. हुरड्यासकट सांगितलं. लपवून काय उपयोग होता? प्रकाश माझ्याकडे बघत होता. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "असू द्या, बाई." वर लिंबाखाली सरूबाई बसलेल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं.

सरांनी चौथ्या ओळीपाशी वाकून पाहिलं. रंगाची चकाकी डोळ्यांवर येत होती आणि त्यांना पिवळ्या-लाल डागांपलीकडे काही दिसत नव्हतं. मग प्रकाश म्हणाला, "सर, कारखान्यात पत्र्यावरचा बारका वरखडा बघायचा आसंल तर आमी बॅटरी समोरनं मारत न्हाय. बाजूनं आडवी धरतो. मग वरखड्याची सावली पडती."

सर ताठ झाले. "अगदी बरोबर. पण ही चकाकी मारली पाहिजे."

मामी तडक वर गेली. मला वाटलं, रुसून गेली. ती परत आली ती घरातला विभूतीचा अख्खा डबा घेऊन. "राख चालंल का?" तिने खाली मान घालून विचारलं. सर म्हणाले, राखेनं दगडाला काही होत नाही. मग तिने पदराच्या टोकात विभूती घेऊन ती पुरचुंडी अलगद आपटत आपटत सगळा दगड धुरकट केला. ओल्या रंगावर राख बसत गेली. लाल गेलं, पिवळं गेलं. मिशीवर मात्र तिने राख टाकली नाही. ते तिच्या लक्षात राहिलं नाही की जीव झाला नाही, मी विचारलं नाही.

मोबाइलच्या बॅटरीने भर उजेडात काही होईना. आरसा हवा होता. सिद्धराम पळत जाऊन आपल्या कपाटाचं आरशाचं दारच बिजागऱ्यांसकट काढून घेऊन आला. पण ऊन तेव्हा डोक्यावर होतं, आरसा कसाही धरला तरी उजेड पायऱ्यांवरच सांडायचा. तीन वाजेपर्यंत थांबावं लागलं. मामीने तिथेच मागवलेल्या भाकऱ्या आणि बाजार आमटी आम्ही खाल्ली. मी एकच भाकरी खाल्ली, यावरून माझी मनःस्थिती ओळखावी.

तीन वाजता सिद्धराम काठावर आरसा घेऊन उभा राहिला. त्याने ऊन खालच्या पायरीवर टाकलं. तिथे प्रकाशने जेवणाचं घासून चकचकीत केलेलं ताट धरलं आणि ते ऊन दगडावर बाजूने आडवं सोडलं. राखेच्या करड्या रंगावर एकदम सावल्या उठल्या. बारीक, काळ्या, एकामागून एक. चौथी ओळ.

"हलवू नका," सर म्हणाले. "बाई, काढा."

मी काढलं. चिखलात मांडी घालून, कागद गुडघ्यावर ठेवून, सावलीच्या कडेने रेघ ओढत गेले. प्रकाशच्या हातातलं ताट जरा कललं की अक्षर नाचायचं, मग मी थांबायचे. एवढं जपून मी आयुष्यात काही काढलेलं नाही. शेवटची वेलांटी झाल्यावर सरांनी कागद डोळ्यांशी धरला. वर-खाली सगळं गाव उभं होतं.

"होन्न," सर म्हणाले. "त्याचं नाव होन्न. गावाची गुरं राखणारा होन्न." पुन्हा वाचून म्हणाले, "आणि दगड गावाने उभा केलाय. सगळ्या गावाने."

प्रकाशने ताट खाली ठेवलं. वरून सरूबाईंचा आवाज आला, "आमचा हाय म्हणून लिवलंय का?"

सर खरं बोलणारे गृहस्थ होते. त्या वेळी मला त्यांचा रागच आला. त्यांनी मान वर करून सांगितलं, "आजी, घराणं लिहिलेलं नाही. तुमचाच असं मला म्हणता येणार नाही. नाव आहे आणि काम आहे, एवढंच."

लिंबाखालून सरूबाई उठल्या. मला वाटलं, घरी चालल्या. त्या बारवेच्या तोंडाशी आल्या आणि पहिल्या पायरीवर थांबल्या. मामी धडपडत वर गेली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मामीने हात पुढे केला आणि म्हणाली, "चल की, अक्का." सरूबाईंनी त्या हाताकडे नको एवढा वेळ पाहिलं. मग धरला. बावीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय ठेवून थांबत होत्या. मी रडत होते, हे लिहायला मला काही वाटत नाही.

देवळीसमोर येऊन त्यांनी दगड खालून वर आणि वरून खाली पाहिला. गाई बोटाने मोजल्या. वासराच्या पाठीवरून अंगठा फिरवला, त्याला रंग लागला, तो लुगड्याला पुसला. मग वीराच्या तोंडापाशी वाकल्या.

सर हळूच म्हणाले, "आजी, ती मिशी मूळची नाही बरं का. आज सकाळी काढलीय. रंग उतरवताना तीही जाईल."

सरूबाईंनी एकदा प्रकाशकडे पाहिलं, एकदा दगडाकडे.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात समद्यांस्नीच हाय."

लेखवाले सरांचं ऑपरेशन चांगलं झालं. त्यांच्या टिपणात ओळी चार, गाई चार, आणि मिशीचा उल्लेख नाही. तो असूही नये. मी राजापूरला आल्यावर तिथे काढून घेतलेल्या कच्च्या रेघांवरून दगडाचं मोठं चित्र काढलं आणि त्याच्या दोन प्रती केल्या. एक सरांना पाठवली, ती दगडाबरहुकूम आहे. दुसरी सरूबाईंच्या घरी भिंतीवर लावली आहे असं रत्ना सांगते. तिच्यात मिशी आहे.